गॅलरीतला खोकला

आमच्या घरी बाबा खोकले की कुणी पाण्याचा पेला आणत नसे. ताई उठून बॅट हातात घ्यायची.

हे ऐकून लोक हसतात. मीही हसते, कारण माझी जीभ जन्मापासून तिरकी आहे आणि चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची नाकं मापायची तर काहीतरी करमणूक लागतेच. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माझी थोरली बहीण आज चाळिशी ओलांडून बसली आहे, बाबांना जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, आणि तरी खेळाच्या हॉलला कुलूप लावताना तिला गॅलरीतल्या खांबामागून तो खोकला ऐकू येतो. हे तिने मला एकदाच सांगितलं. पुढे मी विषय काढला तर म्हणाली, "तू तुझे चष्मे बघ."

ताई टेबल टेनिस खेळायची, आणि सुरेख खेळायची. आमच्या घरापासून चालत जाता येईल असा एक हॉल होता. खाली टेबलं, वर तिन्ही बाजूंनी लाकडी बाकांची गॅलरी. मॅच सुरू झाली की पंखे बंद करायचे, नाहीतर तो हलका चेंडू वाऱ्याने भरकटतो. खिडक्यांना जाड पडदे. त्यामुळे आत उकाडा असा की घामाची धार लागावी, आणि शांतता अशी की वर कुणी गोळीचा कागद सोडला तरी खाली खेळणाऱ्याला कळावं. बाबा नेहमी खांबाशेजारच्या जागेवर बसायचे आणि तिथून ओरडायचे, "पाय हलव! आखूड टाक!" गेम चालू असताना असं बाहेरून सांगायला मनाई असते. एकदा पंचांनी खेळ थांबवला आणि सगळ्यांच्या देखत बोट दाखवून म्हणाले, "काका, पुन्हा बोललात तर बाहेर बसावं लागेल." बाबा कानापर्यंत लाल झाले. त्या दिवसानंतर ते गॅलरीत एक अक्षर बोलले नाहीत. ते खोकायला लागले.

एक छोटा खोकला म्हणजे सर्व्हिस आखूड. लागोपाठ दोन म्हणजे समोरच्याच्या बॅकहँडवर मार. आणि घशातून खरवडून काढलेला तिसरा, लांबलचक, म्हणजे जरा लाज बाळग. कुठला पंच खोकल्याला हरकत घेणार? बाबांना हे सुचलं यात नवल नव्हतं. ते छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. तिथल्या धडधडीत बोलणं ऐकू येत नाही, म्हणून दिवसभर माणसं खुणांनीच बोलतात. घरी येईपर्यंत त्यांची बोलायची सवयच मोडलेली असायची. मीठ हवं असेल तर बोटं चोळून दाखवायचे. आई म्हणायची, "मी संसार केला की मूकनाट्य, देव जाणे."

वाईट नव्हते ते. त्यांनी ताईवर कधी हात उगारला नाही, सकाळी तिचे बूट ते स्वतः पुसून ठेवत. पण खाली टेबलापाशी उभी असलेली ताई चेंडू हातात घेतला की आधी वर बघायची. बघायची म्हणजे मान न हलवता, नुसते कान वर. खोकला आला की तिचं मनगट फिरायचं. नाही आला की ती क्षणभर चाचपडायची. तिला स्वतःला काय टाकावंसं वाटत होतं, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही स्वतःला विचारलं नाही. सगळे म्हणायचे, बापलेकीचं काय जमतं बघा.

मला कधी कुणी खोकलं नाही. मी गोलमटोल, चेंडू एकीकडे आणि मी दुसरीकडे. गॅलरीत आईशेजारी बसून शेंगदाणे खायचे एवढंच माझं काम. फार राग यायचा मला. घरी मुद्दाम भांडी आपटायची, की बाबांनी निदान माझ्यासाठी एकदा घसा तरी खाकरावा. ते म्हणायचे, "हळू." संपलं. नाकर्त्या मुलीला एक शब्द, कर्त्या मुलीला तीन खोकले. तेव्हा मला वाटायचं मी हरले.

ताई कॉलेजात गेली आणि त्याच हिवाळ्यात बाबांचा खोकला वाढला. भिंतीपलीकडून सारखा यायचा. ताईने त्याचा एकच अर्थ लावला: मोठी स्पर्धा जवळ आली आहे आणि बाबा नाखूश आहेत. पलीकडे ते खोकले की ती इकडे अभ्यास टाकून उठायची आणि जेवायच्या टेबलावर, भिंतीवर मारून मारून सर्व्हिसचा सराव करायची. ते जितके खोकत, तितकी ती मारत सुटे. भिंतीचा रंग एका जागी उडाला. आई एकदा दोघांच्या मधल्या दारात उभी राहून म्हणाली, "अहो, डॉक्टरकडे चला. तुम्ही दोघांनी काय खेळ मांडलाय?" बाबांनी हाताने खूण केली: आधी मॅच.

ती अंतिम मॅच मी पाहिली. आईसुद्धा होती. बाबा खांबाशेजारी, गळ्याला मफलर. पहिल्यापासून त्यांचा खोकला थांबेना. दोन, मग एक, मग तीन, मग चार, ज्यांना अर्थच नाही असे. खाली ताई वेड्यासारखी प्रत्येक खोकला खेळत होती. आखूड, मग बॅकहँड, मग पुन्हा बॅकहँड, मध्येच अंग चोरून काहीतरी भलतंच. समोरच्या मुलीला काही थांगच लागेना. लागणार कसा? ताई जिंकली. टाळ्या पडल्या. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली, घामाने निथळत, आणि ओरडली, "बाबा, एवढ्या भराभर कुणी सांगतं का? मला कळेचना काय हवंय तुम्हाला!"

बाबा पुढे वाकून बसले होते. हातातला रुमाल त्यांनी मुठीत दडवला, पण त्यावरचा लाल डाग आम्ही सगळ्यांनी पाहिला. ते म्हणाले, "मी काहीच सांगत नव्हतो ग."

काही महिन्यांनी ते गेले. शेवटी शेवटी खोकायचीही ताकद नव्हती. घर इतकं शांत झालं की आई रेडिओ लावून ठेवायची.

त्यानंतर ताई एकाच स्पर्धेला उतरली. पहिलीच सर्व्हिस तिची होती. तिने तळहातावर चेंडू ठेवला आणि उभी राहिली. पंखे बंद, हॉल चिडीचूप. पंच म्हणाले, "खेळा." ती उभीच. वर खांबाशेजारची जागा रिकामी होती आणि ती तिकडे टक लावून बघत होती. पंच पुन्हा म्हणाले. तेव्हा तिने चेंडू टेबलावर ठेवला, तो घरंगळू नये म्हणून त्यावर बॅट आडवी ठेवली, आणि बाहेर निघून आली. पुन्हा कधी खेळली नाही.

खेळ सुटला, हॉल मात्र सुटला नाही. त्याच हॉलमध्ये ती लहान मुलांना शिकवायला लागली, अजून शिकवते. तिच्याइतकी पालकांची कर्दनकाळ दुसरी कुणी नसेल. गॅलरीत बसायचं तर तोंडाला कुलूप. टाळी दोघांसाठी, नाहीतर कुणासाठीच नाही. मुलगा हरून आला की आधी पाणी, मग मिठी, आणि चुकांचं गाठोडं दुसऱ्या दिवशी. एका मुलाचे वडील मॅचमध्ये बोटांनी काही खुणा करताना सापडले. तिने त्यांना सगळ्यांसमोर झापलं नाही. बाहेर कट्ट्यावर नेऊन बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला आत्ता पोटात कसं होतंय?" ते गृहस्थ म्हणाले, "माझ्या पोटाचा काय संबंध?" ताई म्हणाली, "सगळा संबंध तोच आहे. ते तुमचं पोट आहे, पोराच्या गळ्यात बांधू नका." हे मला त्या गृहस्थांनीच सांगितलं, चष्म्याची काडी बदलायला आले तेव्हा. रागावले होते, पण लक्षात राहिलं होतं.

दुसऱ्यांना सांगायला ताई फार हुशार. स्वतःचं मात्र झाकून. सरावाच्या वेळी थंडीतसुद्धा ती पंखे चालू ठेवायची. मुलं कुडकुडायची, चेंडू वाटेल तिकडे जायचा, आणि ती म्हणायची, वाऱ्यात शिकलं की हात पक्का होतो. खरं कारण मला ठाऊक होतं. तिला तिथली शांतता सोसत नव्हती. खांबाकडे पाठ करून ती कधी उभी राहायची नाही, हेही मी पाहिलं होतं.

मग तिची मुलगी खेळायला लागली. इवलीशी आणि तिखट, म्हणून घरात तिचं नाव मिरी. आमच्या खानदानात ही कानामागून आली आणि तिखट झाली. बारा-तेराची होईपर्यंत तिने मोठमोठ्या मुलींना पाणी पाजलं. ताईला एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती तिने मला उघड सांगितली, "माझ्या पोरीच्या खेळात बाबा येता कामा नयेत." दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तसं तिने ठरवलं की मिरीच्या मॅचला आपण चेहऱ्याची रेष हलू द्यायची नाही. घशात खवखवलं तर? चुकून खाकरलं तर? म्हणून ती तोंडात लवंग धरून बसायची. मी चिडवायची, "आई लवंग, मुलगी मिरी, आता घरात एक वेलदोडा आणा म्हणजे मसाल्याचा डबा पुरा होईल." भावोजी म्हणायचे, "वेलदोडा मीच, कुणी विचारत नाही." ते बिचारे मॅच बघायलाच येत नसत, बाहेर गाडीत बसून राहत. त्यांना धडधडायचं आणि ते तसं सरळ सांगायचे.

काही दिवसांनी मिरीच्या पोटात दुखायला लागलं. मॅचच्या सकाळीच. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मग एका स्पर्धेत, मी ताईच्या शेजारी बसले होते तेव्हा, मिरीने सर्व्हिससाठी चेंडू तळहातावर ठेवला आणि थांबली. मान न हलवता नजर तेवढी वर. शेजारी ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मिरीने सर्व्हिस केली आणि चेंडू जाळ्यात गेला. पुढचाही. ती मॅच तिने हातातून घालवली, आणि प्रत्येक वेळी सर्व्हिसच्या आधी ती वर बघत होती.

हॉलच्या मागे हात-पाय धुवायचे नळ आहेत. मिरी तिथे तोंडावर पाणी मारत होती. ताईने विचारलं, "खेळताना वर काय बघत होतीस?"

"तुझा गाल."

"गाल?"

"तुझी लवंग ग. उजव्या गालात असली की माझं बरोबर चाललंय. डावीकडे नेलीस की चुकतंय." मिरीने नळ बंद केला. "आणि चावलीस की तुला वाटतंय मी हरणार. मग मी हरतेच."

ताई म्हणाली, "हे तुला शिकवलं कुणी?"

"कुणी नाही. तू इतकी गप्प बसतेस. मग मला शोधावं लागतं ना."

ताईने लवंग तिथेच थुंकून टाकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मिरीला वाटलं आई आपल्यावर रागावली, आणि ती टॉवेलात तोंड खुपसून रडायला लागली. दोघी एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि दोघींना काय करावं कळत नव्हतं. मीच मध्ये पडले आणि दोघींना घरी घेऊन आले, माझ्या घरी, कारण आई माझ्याकडे राहते.

मिरी आतल्या खोलीत जाऊन झोपली. स्वयंपाकघरात आई मटार सोलत होती. ताई तिच्यासमोर बसली आणि दाणे सोलता सोलता म्हणाली, "मी गॅलरीत जाणंच बंद करते. संपला प्रश्न."

मी म्हटलं, "बाबा गेल्यावर तू कुठे बघत होतीस?"

तिने पुढची शेंग उचलली.

"रिकाम्या जागेकडे बघत होतीस. गेली वीस वर्षं ती रिकामी जागाच खोकते आहे ना? मग मिरीसाठी अजून एक रिकामी जागा ठेव."

"मग करू तरी काय? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी एक शब्द बोलले नाही ग, एक शब्द नाही, आणि तरी पोरगी माझ्या गालावर खेळते आहे!"

"तेच तर सांगतेय. बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"तुला तिथे बसून काय होतं ते."

"मला काही होत नाही."

"होत नाही? मग लवंगा काय शौक म्हणून चघळतेस?"

ताईने हातातली शेंग मोडली, मटाराचे दाणे फरशीवर उडाले. आणि मग ती बोलली. "मिरीने चेंडू तळहातावर ठेवला की माझ्या पोटात गोळा येतो. ती हरेल म्हणून नाही. आता खोकला येईल म्हणून. आणि येतोच. रोज येतो. मी मनात म्हणते, बाबा, नका, ती लहान आहे. आणि मला कळत नाही की ते तिला सांगताहेत का मला रागावताहेत." असं बोलत ती रडत होती, लहान मुलीसारखी, नाक ओढत.

आई सोलायचं न थांबवता म्हणाली, "निम्मे तर नुसतेच खोकले असायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? कागदाची धूळ. मशीनवर बसून बसून घसा गेलेला त्यांचा. पहिल्यापासून निम्मे खोकले खुणेचे नव्हतेच. घरी येऊन मला विचारायचे, पोरगी मध्येच उगाच बॅकहँडवर का मारते, काही कळत नाही."

ताई हसायला लागली. हसता हसता तिचा श्वास कोंडला, आणि ते हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, "आई, हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू जिंकायचीस ना," आई म्हणाली. "जिंकणाऱ्याला कोण सांगायला जातं?" आणि मग खाली मान घालून, "चुकलंच."

पुढची स्पर्धा मिरीसाठी मोठी होती. तीत चांगली खेळली तर वरच्या संघात निवड. त्याहून मोठं म्हणजे मिरीने आधीच सांगितलं होतं, या वेळी पुन्हा हात अडकला तर मी बॅट कपाटात ठेवून देणार. तिच्या आईनेही अशीच बॅट ठेवली होती, हे तिला माहीत नव्हतं.

त्या सकाळी हॉलच्या पायऱ्यांवर ताईने तिला सगळं सांगितलं. बाबा, छापखाना, तीन खोकले, रुमाल, चेंडूवर आडवी ठेवलेली बॅट. मी बॅग सांभाळत बाजूला उभी होते. मिरी बुटाची लेस बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"आजोबा अजून खोकतात?" तिने विचारलं.

"मला ऐकू येतात."

"मला पण येतील?"

"नाही. ते माझे आहेत. तुझे नाहीत." ताईने तिच्या हातातली लेस सोडवून घेतली. "आणि माझ्या तोंडावर जे काही दिसेल ना, तेही माझंच. भीती वाटते मला, मिरे. खूप वाटते. ती तुझ्या खेळाची नाही. मी वर बसून घाबरेन, तू खाली खेळ."

"लवंग?"

"नाही आणली."

मिरीने विचार केला. "मग मी वर बघितलं तर?"

"बघ की. घाबरलेली आई दिसेल. तेवढंच."

मला हे फार आवडलं, पण खरं सांगायचं तर पटलं नव्हतं. असं एका सकाळी बोलून कुठे काय सुटतं? पायऱ्या चढताना मिरीचा हात पोटावर होता.

मॅच अटीतटीची झाली. दोन गेम इकडे, दोन तिकडे, आणि शेवटच्या गेममध्ये समोरची मुलगी पुढे. तिला एकच गुण मिळाला की मॅच तिची. पंखे बंद. पडदे ओढलेले. ताई माझ्या शेजारी, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. चेहऱ्यावर सगळं लख्ख दिसत होतं, वाचायला चष्मा लागू नये इतकं. पायाशी पाण्याची बाटली. सर्व्हिस मिरीची होती. तिने चेंडू तळहातावर ठेवला.

आणि खांबामागून खोकला आला. दोन वेळा.

मी शपथेवर सांगते, मी तो ऐकला. वीस वर्षं मी ताईला वेड्यात काढत होते आणि आता माझीच मान खांबाकडे वळली. शेजारी ताईचा उजवा हात मांडीखालून निसटून वर आला आणि तिचं मनगट आपोआप फिरलं, बॅकहँडच्या बाजूला. खाली मिरी थांबली होती. तिची नजर वर आली.

पुन्हा खोकला आला. या वेळी तो थांबेना. एकात एक अडकलेला, धाप लागलेला, ज्याची कुठली खूण होऊच शकत नाही असा. ताई ऐकत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्या चेहऱ्यावर मला हळूहळू काहीतरी उमटताना दिसलं, जे मी याआधी पाहिलं नव्हतं. तिने वाकून पायाशी ठेवलेली बाटली उचलली, उठली, आणि बाकांच्या मधून वाट काढत खांबाकडे चालू लागली. टेबलाकडे तिची पाठ होती.

खाली मिरीने आईची रिकामी जागा पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला काय विचारतेस बाई, मला आयुष्यात कधी कुणी काही सांगितलेलं नाही.

मिरीने तळहातावरच्या चेंडूकडे पाहिलं. पाहत राहिली. मग तो वर उडवला आणि लांब, सपाट, फोरहँडच्या कोपऱ्यात अशी सर्व्हिस मारली की समोरची मुलगी जागची हलली नाही. तिन्ही खोकल्यांत बसली नसती अशी ती सर्व्हिस होती. मॅच आणखी थोडी लांबली. मिरीने दोनदा हार टाळली, तिसऱ्यांदा तिचा चेंडू टेबलाच्या कडेवरून केसभर बाहेर गेला. हरली.

ती खाली बाकावर बसून ढसाढसा रडली. ताई आली, तिच्याशेजारी बसली, आणि जाऊ दे, होतं असं, वगैरे काही म्हणाली नाही. रडू दिलं. बऱ्याच वेळाने मिरीने नाक पुसलं.

"शेवटचे पॉइंट तू पाहिलेच नाहीस."

"नाही पाहिले."

"का?"

"एक आजोबा खोकत होते. त्यांना पाणी दिलं."

"माझ्यावर मॅच पॉइंट असताना?"

"हो."

मिरीने तिच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही बॅट फेकते. पण ती म्हणाली, "मग ऐक आता. ती लांब सर्व्हिस होती ना, ती मी ठरवून टाकली. मला एकदम वाटलं, टाकावी. तिचे पाय कसे होते माहितीये? असे." आणि ती उठून, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी, समोरच्या मुलीचे पाय करून दाखवायला लागली. तिला भूक लागली होती, पोट दुखत नव्हतं. पुढच्या आठवड्यात सरावाला किती वाजता यायचं, हेही तिने मध्येच विचारून घेतलं. ताई ऐकत होती. एकदाही तिने तिला दुरुस्त केलं नाही.

सामान आवरताना ताई बाटली आणायला वर गेली, मीही गेले. खांबाशेजारच्या जागेवर बाटली ठेवलेली होती, निम्मी रिकामी. माणूस निघून गेला होता. मी बसले होते तिथून खांब आड येत होता, त्यामुळे मला तो दिसलाच नव्हता.

"कोण होते ग?" मी विचारलं.

"कुणी म्हातारे होते. मफलर होता गळ्याला."

"ओळखीचे?"

ताईने बाटलीचं झाकण लावलं, नीट, पुन्हा एकदा आवळून. तिचे डोळे भरले होते.

"बाबा किती खोकायचे ग," ती म्हणाली. "किती त्रास होत असेल त्यांना. आणि मी भिंतीवर चेंडू मारत बसले."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खाली कुणीतरी पंखे सुरू केले आणि पडदे हलायला लागले. थोड्या वेळाने मी विचारलं, "ते आजोबा काही म्हणाले का तुला?"

"काही नाही ग," ताई म्हणाली. "पाणी प्यायले."